पत्रांत ‘मिसेस’ आणि मृत्युपत्रात अविवाहित, हे कसं?

अनुवादवही

नमस्कार मंडळी. अठराव्या शतकातल्या इंग्लिश पत्रांचा एक छोटा संग्रह मराठीत आणते आहे. एका मोठ्या जमीनदार घराच्या कारभाराची पत्रं आहेत, साधारण १७६० ते १७८० मधली. त्यात मालकिणीपेक्षा जास्त वेळा भेटते ती त्या घराची हाउसकीपर. चाव्यांचा जुडगा तिच्याकडे, चहा-साखरेच्या कपाटाचं कुलूप तिच्याकडे, मोलकरणी ठेवायच्या की काढायच्या हेही तीच ठरवणार. घरातले झाडून सगळे तिला ‘मिसेस अमुक’ म्हणतात. खुद्द मालकही पत्रात तसंच लिहितो.

पहिल्या खर्ड्यात मी तिला ‘सौ.’ लावलं. पण दीडशे पानांत नवऱ्याचा साधा उल्लेखसुद्धा नाही, म्हणून विधवा असणार असं धरून ‘श्रीमती’ केलं. एवढ्यावर थांबले नाही. प्रस्तावनेत ‘अकाली वैधव्य आल्यामुळे तिला ही नोकरी धरावी लागली’ असंही लिहून टाकलं.

गेल्या आठवड्यात मूळ पुस्तकाच्या परिशिष्टात छापलेलं तिचं मृत्युपत्र सावकाश वाचलं. पहिल्याच ओळीत तिच्या नावापुढे ‘स्पिन्स्टर’. म्हणजे लग्न झालेलंच नव्हतं!

आता प्रश्न असा की ती लोकांना खोटं सांगत होती का? की मृत्युपत्र लिहिणाऱ्याची चूक? आणि ‘मिसेस’चा अर्थ तेव्हा वेगळा असेल, तर मी मराठीत काय लिहू? हस्तलिखित महिन्याभरात द्यायचं आहे.

शब्दवेडा

खोटं नाही आणि चूकही नाही. मोठ्या घरांत हाउसकीपर आणि मुख्य स्वयंपाकीण यांना लग्न झालेलं नसलं तरी ‘मिसेस’ म्हणायची रीत होती. ती विसाव्या शतकापर्यंत टिकली. नोकरवर्गातला तो मान.

मूळ शब्द ‘मिस्ट्रेस’. लॅटिन ‘मॅजिस्टर’, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मेस्त्र’ आणि स्त्रीलिंगी ‘मेस्त्रेस’, तिथून इंग्रजीत. पुरुषासाठी मास्टर, बाईसाठी मिस्ट्रेस. ‘मिसेस’ हा त्याच मिस्ट्रेसचा लिहिण्यातला संक्षेप. म्हणून तर त्यात न उच्चारला जाणारा ‘आर’ आहे.

शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये (पहिली छपाई १६०२) मिस्ट्रेस पेज ही आई आहे आणि तिची लग्नाची मुलगी ॲनसुद्धा मिस्ट्रेस ॲन पेजच आहे. त्या मुलीच्या लग्नावरून तर सगळी धावपळ चालते.

जुने_दप्तर

अनुवादवही ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, आणि दर बुधवारी इथल्या एका काउंटीच्या दप्तरखान्यात विनावेतन काम करते. पेनला मज्जाव, फक्त पेन्सिल. वही फोमच्या उशीवर ठेवायची, पान मिटू नये म्हणून कापडात भरलेल्या शिशाच्या मण्यांची माळ त्यावर टाकायची आणि एकेक ओळ वाचून संगणकावर सूची करायची. तुम्ही केलीत तीच चूक मी केली आहे. तुमची एका बाईबद्दल झाली, माझी तीनशेहून जास्त बायकांबद्दल.

शब्दवेडा म्हणतात ते बरोबर आहे, पण गोष्ट तिथे उलट्या टोकाने धरली जाते असं मला वाटतं. हाउसकीपरला मिसेस म्हणणं ही नोकरांपुरती काढलेली सवलत नव्हती. तो आधीच्या नियमाचा उरलेला तुकडा आहे. आधी सगळ्यांसाठीच नियम तो होता. मिसेस हा शब्द लग्नाबद्दल काही सांगतच नव्हता. तो सांगायचा की या बाईच्या हाताखाली माणसं आहेत, हिचा स्वतःचा धंदा आहे किंवा हिचं घराणं बरं आहे. आज आपण ‘मिस्टर’ ऐकून त्या माणसाचं लग्न झालंय का हे विचारत नाही ना? अगदी तसं.

सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा शब्दकोश उघडून ‘मिस्ट्रेस’ पाहा. पहिलाच अर्थ आहे सत्ता चालवणारी स्त्री. जिच्यासमोर प्रजा किंवा नोकर असतात ती. पुढे एखाद्या विद्येत वाकबगार असलेली, मग शिकवणारी, मग जिच्यावर कुणाचं प्रेम आहे ती, आणि अखेरीस ठेवलेली बाई. इतके अर्थ दिलेत, पण ‘लग्न झालेली’ हा अर्थ त्यांत नाही.

याच जॉन्सनची एक जुनी मैत्रीण होती, एलिझाबेथ कार्टर. केंट परगण्यात समुद्रकाठी डील नावाचं गाव आहे, तिथली. जन्म १७१७, मृत्यू १८०६. ग्रीक इतकं पक्कं की तिने एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १७५८ मध्ये आगाऊ वर्गणीदार नोंदवून निघालं आणि त्यातून तिला हजाराच्या घरात पौंड मिळाले. लग्न केलं नाही. साऱ्या लंडनसाठी ती ‘मिसेस कार्टर’. जॉन्सनही तिला तेच म्हणायचा. तिच्या नवऱ्याचा शोध घ्यावा असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, कारण त्या शब्दातून नवरा कुणाला ऐकूच येत नव्हता.

नाटकवाल्या बायका घ्या. ॲन ब्रेसगर्डल आणि एलिझाबेथ बॅरी, सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनचा रंगमंच गाजवणाऱ्या. दोघींनीही लग्न केलं नाही. छापील नाटकांतल्या पात्रांच्या यादीत दोघीही मिसेस.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हाला ती उपयोगी पडेल. आमच्याकडे गरीबपट्टीच्या वह्या आहेत. गावातल्या गरिबांच्या पोषणासाठी घरमालकांकडून जो कर घेत, त्याच्या याद्या. बहुतेक बायकांच्या नावापुढे काहीच नसतं, नुसतं नाव आणि आडनाव. गरीब असेल तर ‘विधवा अमुक’. त्याआधीच्या शतकातल्या कागदांत साध्या घरच्या बाईला ‘गुडवाइफ’ किंवा बोलीतलं ‘गुडी’ लावलेलं दिसतं. आणि मधूनच एखादी ‘मिसेस’. मला दिलेल्या तक्त्यात ‘वैवाहिक स्थिती’ असा रकाना होता. मी प्रत्येक मिसेसपुढे ‘विवाहित किंवा विधवा’ असं भरत गेले. दोन हिवाळे भरत गेले.

मग एक दिवस एका किराणा दुकानदारणीचं मृत्युपत्र हाती आलं. गरीबपट्टीत ती मिसेस. मृत्युपत्रात, तुमच्यासारखंच, स्पिन्स्टर. दुसरीचं काढलं, तीही तशीच. तिसरी खरोखर विधवा निघाली. त्या दिवशी घरी जाताना मला फार वाईट वाटलं. स्वतःच्या हिमतीवर दुकान चालवलेल्या बायकांच्या गळ्यात मी, त्या जाऊन दोनशे वर्षं झाल्यावर, कधी नसलेले नवरे बांधले होते. आणि नवरा बांधला की पुढे वाचणारा सहज म्हणतो, ‘दुकान नवऱ्याचं असणार, तो गेल्यावर हिने सांभाळलं.’ तिचं आयुष्यभराचं काम एका रकान्यात दुसऱ्याच्या नावावर जातं. तुमच्या प्रस्तावनेतल्या त्या ‘अकाली वैधव्य’वाल्या ओळीने तेच होतंय, ताई. रागावू नका. ती ओळ काढा.

मी सगळा रकाना रिकामा केला आणि फक्त ‘किताब : मिसेस’ एवढंच ठेवलं. त्याला आणखी एक हिवाळा गेला.

या विषयावर केंब्रिजच्या इतिहासकार एमी एरिक्सन यांचा २०१४ मध्ये आलेला निबंध मला तेव्हा कुणीतरी दिला. गावोगावच्या याद्या आणि व्यापारी बायकांच्या नोंदी चाळून त्यांनी हेच मांडलं आहे की अठराव्या शतकात मिसेस या शब्दावरून लग्न ओळखता येत नाही, प्रतिष्ठा ओळखता येते, आणि पुष्कळदा धंदा.

तुमच्या दोन कागदांत भांडण नाही. पत्र हे बोलणं आहे, त्यात मान दिसतो. मृत्युपत्र हा कायद्याचा कागद आहे, त्यात बाई कायद्याने कोण हे लिहावंच लागे. अविवाहित, विवाहित की विधवा. कारण विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय आपल्या वस्तूंचं मृत्युपत्र सहसा करताच येत नसे. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने १७६५ मध्ये लिहून ठेवलंय की कायद्याच्या नजरेत नवराबायको मिळून एकच व्यक्ती, आणि बाईचं कायदेशीर अस्तित्व त्या काळापुरतं स्थगित. हे पूर्ण बदलायला १८८२ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा यावा लागला. म्हणजे तुमच्या हाउसकीपरने स्वतःच्या नावाने, कुणाला न विचारता मृत्युपत्र केलं, ते ती स्पिन्स्टर होती म्हणूनच.

अनुवादवही

ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. ती ओळ आत्ताच काढली.

पण मग एक अडलंय. याच पत्रांत मालकाच्या मुलींना ‘मिस’ म्हटलंय. मग मिस म्हणजे अविवाहित आणि मिसेस म्हणजे विवाहित हा भेद तेव्हाही होता ना? आणखी एक गोंधळ म्हणजे, एका पत्रात नुसतं ‘मिस’ आणि आडनाव येतं, दुसऱ्यात ‘मिस’ आणि पाळण्यातलं नाव. एकच मुलगी की दोन?

जुने_दप्तर

दोन. नुसतं आडनाव असेल तर ती सर्वांत थोरली अविवाहित मुलगी. धाकट्यांना पाळण्यातलं नाव जोडायचं. थोरलीचं लग्न झालं की पुढची मुलगी नुसत्या आडनावाची धनी होते. तेव्हा पत्राची तारीख आणि थोरलीच्या लग्नाची तारीख शेजारी ठेवून वाचा. नाहीतर मधल्या एका वर्षात तुमच्याकडे दोन बहिणींची एक होऊन जाईल.

आता ‘मिस’. हाही मिस्ट्रेसचाच तुकडा. पण बराच काळ तो फक्त लहान मुलींसाठी होता, जसा ‘मास्टर’ पुढे लहान मुलग्यांपुरता राहिला. मुलगी मोठी झाली की मिसची मिसेस व्हायची. वयाने व्हायची, लग्नाने नव्हे. मोठ्या बाईला मिस म्हणणं तर सतराव्या शतकात वाईटच मानलं जाई. जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत ९ जानेवारी १६६२ ची नोंद आहे. तो नाटक पाहून आला आणि त्यातल्या एका नटीबद्दल लिहितो की ती एका अर्लची ‘मिस’ झाल्याचं म्हणतात, आणि हल्ली बदफैली बायकांना असं म्हणायला लागलेत. आता सांगा, कुठली प्रौढ बाई स्वतःला मिस म्हणवून घेईल?

अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वरच्या थरातल्या तरुण मुली मोठेपणीही मिस म्हणवून घ्यायला लागल्या. तुमच्या पत्रांचा काळ नेमका या सांध्यावरचा आहे. मालकाच्या मुली नव्या चालीच्या, म्हणून मिस. हाउसकीपर जुन्या चालीची आणि अधिकाराची, म्हणून मिसेस. एकाच घरात, एकाच पत्रात दोन काळ नांदताहेत! मला विचाराल तर तुमच्या संग्रहातली ही फार मोलाची गोष्ट आहे, तळटीपेत चांगली चार ओळी जागा द्या तिला.

वरच्या थरात मिस रूढ झाल्यावर मिसेसकडे हळूहळू ‘लग्न झालेली’ एवढाच अर्थ उरला. साधारण १८०० च्या सुमारास तर नवऱ्याचं पाळण्यातलं नावसुद्धा बाईला लागायला लागलं, ‘मिसेस जॉन अमुक’ अशा थाटात. म्हणजे आडनाव तर गेलंच होतं, आता स्वतःचं नावही गेलं. जो शब्द मालकिणीचा होता तो मालकाचं नाव सांगू लागला, हे मला अजून सलतं. तरी जुनी रीत एकदम मेली नाही. हॅना मोर ही लेखिका १८३३ मध्ये गेली, लग्न केलेलं नव्हतं, आणि उतारवयात तिला सगळे मिसेस मोरच म्हणत.

शब्दवेडा

माझं म्हणणं उलटं धरलं गेलं होतं हे मान्य. दुरुस्तीबद्दल आभार.

उच्चाराबद्दल थोडी भर. जॉन वॉकरच्या १७९१ च्या उच्चारकोशात याच शब्दावर टीप आहे. बोलण्याच्या घाईने मास्टरचं मिस्टर झालं तसं मिस्ट्रेसचं मिसिस झालं, आणि नुसता मान द्यायचा असताना पूर्ण ‘मिस्ट्रेस’ उच्चारलं तर ते विचित्र, पंडिती वाटेल, असं तो म्हणतो. उदाहरणांत मिसेस मॉन्टेग्यू आहे आणि पुढे मिसेस कार्टर. म्हणजे वर जुने_दप्तर ताईंनी सांगितली तीच असणार, असं मला वाटतं.

एकदा उच्चार वेगळा झाल्यावर मिस्ट्रेस आणि मिसेस हे दोन निराळे शब्द झाले. मिस्ट्रेसच्या वाट्याला ‘ठेवलेली बाई’ जास्त आलं आणि मिसेसच्या वाट्याला गृहिणी.

तिसरी_घंटा

या धाग्यावर माझ्या कामाचं थोडं. मी ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. इथे शल्यचिकित्सकांना ‘डॉक्टर’ म्हणत नाहीत, ‘मिस्टर’ म्हणतात. पूर्वी वैद्य विद्यापीठातून पदवी घेऊन यायचे आणि शल्यकर्म करणारे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून शिकायचे, न्हाव्यांबरोबर एकाच पेठेत. १५४० मध्ये न्हावी आणि शल्यकर्म करणारे यांची मिळून एक कंपनी, म्हणजे धंद्याची संघटना, झाली, १७४५ मध्ये ते वेगळे झाले, पण ‘मिस्टर’ राहिलं आणि पुढे त्याचाच अभिमान झाला.

बायका शल्यचिकित्सक झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणी ‘मिस’ लावतात, लग्न झालेलं असलं तरी. आमच्या वॉर्डात नवे रुग्ण याने चकित होतात. एकदा एका आजोबांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मला काळजीने विचारलं होतं की डॉक्टर नाहीत का त्या? मी त्यांच्याजवळ बसून हा सगळा इतिहास सांगितला, तेव्हा ते झोपले.

बाकी ‘मिझ’ (Ms), म्हणजे लग्नाबद्दल काहीच न सांगणारा बाईचा किताब, याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. १० नोव्हेंबर १९०१ ला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्राने तो सुचवला होता. बाईचं लग्न झालंय की नाही ठाऊक नसताना चुकायला नको म्हणून. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६१ च्या सुमारास शीला मायकेल्स या कार्यकर्तीने तो पुन्हा उचलला, १९७२ मध्ये त्याच नावाचं मासिक नियमित सुरू झालं, आणि न्यूयॉर्क टाइम्सने १९८६ मध्ये तो छापायला घेतला.

जुने_दप्तर

तिसरी_घंटा, आजोबांची गोष्ट फार आवडली.

मिझबद्दल माझं एक मत. लोक त्याला नवी टूम समजतात. मला ती दुरुस्ती वाटते. तीनशे वर्षांपूर्वी इंग्रजीत बाईसाठी लग्नाची चौकशी न करणारा शब्द होताच. तो हरवला, म्हणून दुसरा शोधावा लागला.

आणि ताई, तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. मराठीत काय लिहायचं? ‘सौ.’ चालणार नाही, ‘कु.’ने तिचा सगळा रुबाब जाईल, ‘श्रीमती’ वाचून पुष्कळांना विधवाच वाटेल. मला वाटतं, नावाला ‘बाई’ जोडा. अमुकबाई. बाईचं लग्न झालंय की नाही हे ‘बाई’ सांगत नाही. शाळेत शिकवणारी ती बाई, घरात जिचा शब्द चालतो ती बाई, आणि वाईट अर्थानेही ‘बाई ठेवली’ म्हणतातच. जॉन्सनच्या कोशातले जवळजवळ सगळे अर्थ आपल्या या एका शब्दात बसतात. इतका जुळणारा जोड मला दुसऱ्या कुठल्या शब्दाचा सापडलेला नाही.

शब्दवेडा

‘बाई’ला अनुमोदन. फक्त मालक जिथे पत्रात थेट तिला उद्देशून लिहितो तिथे एकदा तरी ‘मिसेस’ तसाच ठेवा आणि टीप तिथे द्या. वाचकाला मूळ शब्द दिसायला हवा.

अनुवादवही

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून पूर्ण हस्तलिखितात बदल केले. एकशे बारा ठिकाणी ‘श्रीमती’ होतं, सगळीकडे ‘बाई’ केलं. पहिल्या पत्रात ‘मिसेस’ ठेवून त्याखाली टीप दिली, मिस आणि मिसेस एकाच घरात कसे याचीही. दोन बहिणींच्या तारखाही लावून पाहिल्या. जुने_दप्तर ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, १७७१ च्या उन्हाळ्यानंतरचं नुसत्या आडनावाचं पत्र धाकटीचं आहे. मी ते थोरलीच्या तोंडी घातलं होतं.

प्रस्तावनेत वैधव्याच्या ओळीच्या जागी आता मृत्युपत्रातला मजकूर घेतला आहे. तिने दोन मोलकरणींना प्रत्येकी पाच पौंड आणि आपले कपडे ठेवले होते, आणि पुतणीला चांदीचे चमचे. चमच्यांवर तिची स्वतःची आद्याक्षरं कोरलेली होती असंही त्यात लिहिलंय. हे वाक्य मी आधी तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा पुढे गेले होते.

जुने_दप्तर

चमच्यांचं वाक्य प्रस्तावनेच्या अगदी सुरुवातीला घ्या, ताई. पुस्तक आलं की इथे नक्की कळवा.